आईवडिलांबरोबर घर आवरताना: माळ्यावरच्या ट्रंकेपासून कपाटातल्या कागदांपर्यंत

आईवडिलांच्या घरातली अडगळ काढायची म्हटलं की मुलं दोन दिवसांची सुट्टी काढतात, काळ्या पिशव्या घेऊन येतात आणि थेट माळ्याला शिडी लावतात. दुपारपर्यंत आईचा चेहरा उतरलेला असतो. संध्याकाळी अर्धं सामान परत माळ्यावर जातं आणि ‘तिला काही टाकवतच नाही’ असा शेरा कायमचा तिच्या नावावर पडतो. हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. एका पगारात घर चालवलेल्या, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवलेल्या माणसाला वस्तू देऊन टाकणं जड जात नाही. ती वाया जाताना बघवत नाही. स्टीलचा चांगला डबा काळ्या पिशवीत गेलेला आई सहन करणार नाही. तोच डबा कामवाल्या मावशींच्या मुलीला होस्टेलवर न्यायला हवाय असं कळलं, तर ती तो घासूनपुसून, झाकण नीट बसतंय का बघून स्वतःच्या हाताने देईल.

म्हणून या कामाचा क्रम मी असा लावते: आधी वस्तू कुठे जाणार ते ठरवायचं, मग वस्तूला हात घालायचा. माझ्या आईच्या घरी हे असंच केलं आणि नंतर ओळखीच्या दोन-तीन घरांतही. ज्या घरांत आधी ठिकाणं ठरली, तिथे वाद जवळजवळ झाले नाहीत.

हात घालण्याआधी

वेळ नीट निवडा. दिवाळीची साफसफाई आणि हे काम एकत्र करू नका. त्या दिवसांत आईच्या डोक्यात फराळ आणि पाहुणे असतात. पावसाळ्यात कपडे-कागद दमट असतात. मे महिन्यात माळ्याखाली तासभर बसणंही सत्तरीच्या माणसाला नको होतं. दिवाळी उरकल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

कारण खरं सांगा. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, बाबांना रात्री बाथरूमला जाताना वाटेतल्या खोक्यांचा अडथळा होतो, आई अजून स्टुलावर चढून डबे काढते, जे असेल ते. कारण न सांगता आवरायला घेतलं की घरातल्या मोठ्यांच्या मनात एकच विचार येतो: आमच्या माघारीची तयारी चालली आहे. आई तसं बोलून दाखवेल किंवा नुसती गप्प बसेल. तेव्हा ‘काहीतरीच काय बोलतेस’ म्हणून विषय उडवू नका. ‘तुला इथे पुढची वीस वर्षं सुखाने वावरता यावं म्हणून करतोय’ हे स्पष्ट शब्दांत म्हणा.

पहिला खण मात्र तुमचा. दहावीच्या वह्या, इंजिनिअरिंगची पुस्तकं, कॅरम, बक्षिसाचे कप, लग्नानंतर ‘नंतर नेते’ म्हणून ठेवलेल्या बॅगा हे सगळं आईच्या जागेत पडलेलं तुमचं सामान आहे. ते मार्गी लावल्याशिवाय तिच्या कपाटाला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं ठाम मत आहे. शिवाय तुम्ही स्वतःच्या वस्तूंबद्दल कसं ठरवता ते ती बघत असते.

मग ठिकाणांची यादी करा, फोन करून, वहीत लिहून. कपड्यांसाठी बोहारीण अजून येते का, कुठल्या वारी येते. रद्दीवाला घरी येऊन तोलतो का. पितळ मोडीत कोण घेतं. जवळच्या वृद्धाश्रमाला किंवा आश्रमशाळेला चादरी-भांड्यांपैकी नेमकं काय हवंय. ‘काय हवंय’ हे विचारणं महत्त्वाचं, कारण या संस्थांच्या दारात लोक आपला कचराच नेऊन टाकतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुनं सामान आणि ई-कचरा गोळा करते. इतर शहरांत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चौकशी करावी. यादी तयार झाली की आईला वाचून दाखवा. तिथूनच तिच्या सूचना सुरू होतात: ‘अगं, त्या वरच्या मजल्यावरच्या मुली नवीन बिऱ्हाड करतायत, त्यांना विचार.’

बैठक कशी मांडायची

आईने किंवा बाबांनी खुर्चीत बसायचं, समोर टेबल. वस्तू त्यांच्यापर्यंत आणण्याचं, पुसण्याचं, चढण्या-उतरण्याचं काम तुमचं. ठरवण्याचं काम त्यांचं. एका वेळी एकच खण किंवा एकच ट्रंक. सगळं कपाट पलंगावर उपसून ठेवलं तर दोघांचाही धीर सुटतो, आणि रात्री झोपायला पलंग लागतोच. सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर दोन तास, त्याहून जास्त नाही. रोज शंभर लहान-मोठे निर्णय घेतल्यावर माणूस चिडचिडा होतो, त्यात वयाचा काही दोष नाही. तोंडाला मास्क बांधा, ओलं फडकं जवळ ठेवा. माळ्यावरच्या धुळीने दम्याचा त्रास हमखास वाढतो.

चार ढीग करायचे: ठेवायचं, द्यायचं, रद्दी-मोडीत घालायचं आणि ‘बघू’. देण्याच्या वस्तूवर लगेच नावाची चिठ्ठी लावा आणि शक्यतो त्याच संध्याकाळी ती घराबाहेर पडू द्या. ‘बघू’ची खोकी दोनच. भरली की बंद करून वर तारीख टाका आणि आईच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. सहा महिन्यांनी ती तिनेच उघडायची. तिच्या नकळत त्यातलं काही काढायचं नाही, तुटका चमचासुद्धा नाही. एक वस्तू चोरून टाकली आणि ते कळलं, की पुढे प्रत्येक खणावर पहारा बसतो.

‘हे हवंय का तुला?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं आहे: ‘असू दे, लागेल कधीतरी.’ त्याऐवजी सात पातेली समोर मांडा आणि विचारा, ‘यातली तुझ्या हातात बसणारी चांगली तीन कुठली?’ तीन ती लगेच उचलते. मग उरलेल्या चारांकडे बोट दाखवून, ‘ही कुणाला द्यायची गं?’ निवडण्याचा मान तिच्याकडे राहतो आणि बोलणं देण्याकडे वळतं.

औषधांपासून सुरुवात

ज्या वस्तूंत जीव अडकलेला नाही तिथून सुरू करा. घरातला औषधांचा डबा त्यासाठी उत्तम. डॉक्टरांची सध्याची चिठ्ठी शेजारी ठेवा आणि एकेक पाकीट तिच्याशी ताडून बघा. मुदत संपलेली, आधीच्या डॉक्टरांची, गेलेल्या माणसाची औषधं बाजूला काढा. उघडून महिना झालेले डोळ्यांचे ड्रॉप्स वापरायचे नसतात, ते घरोघरी फ्रिजच्या दारात असतात. टाकायची औषधं संडासात ओतू नका. वेगळ्या पिशवीत बांधून वर ‘जुनी औषधं’ असं लिहा आणि घरगुती घातक कचरा म्हणून द्या. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत जुनी औषधं, बॅटऱ्या, सीएफएल दिवे आणि पाऱ्याचा फुटका थर्मामीटर याच गटात धरले होते. फुगलेली मोबाइलची बॅटरी सापडली तर तिला टोचू-दाबू नका, वेगळी ठेवा.

यानंतर प्लास्टिक. श्रीखंडाचे डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, पिशव्यांनी भरलेली पिशवी. इथे नियम जागेचा लावा: एक खण भरेल एवढे डबे ठेवायचे, कुठले ते आई ठरवेल.

पितळ, तांबं, कासं

स्वयंपाकघराच्या माळ्यावरचं घंगाळ, बंब, परात, कळशी, तपेली हे खाली उतरवलं की घाई करू नका. भांड्याच्या काठावर बोट फिरवा, नाव कोरलेलं सापडेल. आमच्याकडे एका मोठ्या पातेल्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत ‘मामाकडून सप्रेम भेट’ आणि खाली तारीख होती, चिंचेने घासून झाल्यावर ती वाचता आली. ते पातेलं कुठून आलं, कुणी डोक्यावरून आणलं, त्या लग्नात किती पंगती उठल्या हे आईने तिथे बसल्या बसल्या सांगितलं. हा वेळ वाया गेला असं समजू नका. हे सांगून झाल्यावरच तिने पातेलं मामाच्या नातवाकडे द्यायचं ठरवलं. प्रत्येक नावाचा जवळून फोटो काढा. उजेड बाजूने तिरका पडू दिला की कोरलेली अक्षरं स्पष्ट येतात.

वापरायला ठेवणार असाल तर पितळेच्या भांड्याला कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, कढी, चिंचेची आमटी करू नये. मोडीत घालणार असाल तर दारावरच्या भंगारवाल्याला देण्याआधी भांड्यांच्या दुकानात भाव विचारा, दोन ठिकाणी विचारा, आणि पितळ, तांबं, कासं वेगवेगळं तोलायला सांगा, कारण तिन्हींचा भाव सारखा नसतो. पैसे आईच्या हातात द्या. जातं आणि पाटा-वरवंटा फार जड असतात. तळमजल्याच्या अंगणात जागा असेल तर ठीक, नाहीतर गावाकडे नेणारं कुणी शोधा.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, समई किंवा कोरीव वस्तू परदेशात नेण्याचा विचार भावंडांपैकी कुणी करत असेल तर आधीच सांगून ठेवा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.

साड्या आणि कपडे

एकही साडी घडी न उलगडता बाहेर देऊ नका. नोटा, सोन्याची वेढणी, लॉकरची किल्ली, मुदत ठेवीची पावती यातलं काहीही घडीत निघू शकतं. हेच कोटाच्या खिशांना, गाद्यांना, जुन्या पर्सना आणि तांदळाच्या डब्यालाही लागू.

ठेवायच्या पैठण्या आणि शालू मऊ सुती कापडात गुंडाळा, घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर त्याच रेषेवर जर चिरते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका; वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. आईच्या चार-पाच साड्यांची एकेक गोधडी भावंडांना मिळाली तर त्या साड्या घरातच राहिल्यासारख्या होतात. उरलेलं बोहारणीला द्या, आणि तिच्याशी घासाघीस आईलाच करू द्या, त्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

वडील नुकतेच गेले असतील तर त्यांच्या कपाटाला हात लावू नका. वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी थांबा, त्यानंतरही आई म्हणेल तेव्हाच. काहीजणींना महिन्याभरात कपडे देऊन मोकळं व्हायचं असतं, काहींना त्यांचा स्वेटर कायमचा हवा असतो. दोन्ही बरोबर आहे.

कागदपत्रं: इथे बाबांबरोबर सावकाश बसा

सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. रद्दी म्हणून गेलेला मूळ कागद परत मिळवताना वर्षं जातात. पहिल्या फेरीत काहीही फाडायचं नाही, नुसतं वेगळं करायचं. मी पाच फायली करते.

पहिली घराची. खरेदीखत, इंडेक्स दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशनची पोचपावती, मालमत्ता कराच्या पावत्या, गावी जमीन असेल तर सातबारा आणि फेरफाराचे उतारे. पुनर्विकासाच्या वेळी सोसायटी यांतलंच मागते. मूळ प्रती एकत्र, झेरॉक्स वेगळ्या. कुठलाच कागद लॅमिनेट करू नका.

दुसरी माणसांची: जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), नोकरीची कागदपत्रं, असल्यास मृत्युपत्र. शाळा सोडल्याचे जुने दाखले जपा. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला आजोबांच्या शाळेची नोंदही लागते.

तिसरी पैशांची, आणि तिच्यात पुष्कळदा विसरलेलं धन निघतं. बाबांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात घेतलेली शेअर्सची कागदी सर्टिफिकेटं असतील तर ती जपून ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्स विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर ते शेअर्स आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतात, पण अर्ज करून परत मिळवता येतात. बँकेतलं दहा वर्षं हात न लागलेलं खातं असेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तीही बुडत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर बाबांचं नाव आणि पॅन टाकून अशी खाती शोधता येतात. जुनी पासबुकं म्हणूनच फेकू नका. त्यावरून कुठल्या शाखेत खातं होतं ते कळतं.

चौथी फाइल दवाखान्याची: शेवटचे डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियांचे रिपोर्ट, ॲलर्जीची नोंद, आरोग्य विम्याचे कागद. पाचवी प्राप्तिकराची, सात-आठ वर्षांची ठेवली की पुरे.

यात न बसणारी विजेची बिलं, टेलिफोनची बिलं, बंद पडलेल्या मिक्सरची वॉरंटी रद्दीत जाऊ शकते, पण आधार, पॅन किंवा खाते क्रमांक असलेला प्रत्येक कागद फाडून, भिजवून मगच.

जुन्या नोटा निघाल्या तर गडबडू नका. ८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा आता बदलून मिळत नाहीत, आणि २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं गुन्हा आहे. दोन हजारांची नोट मात्र रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर, नागपूर कार्यालयांत बदलून घेता येते, किंवा पोस्टाने तिथे पाठवून बँक खात्यात जमा करता येते. चार आण्याची नाणी २०११ पासून चलनात नाहीत. ती नातवंडांना द्या.

मोडी लिपीतले कागद निघाले तर ते ओले करू नका, चिकटपट्टी लावू नका. पुण्यात १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ अशा कागदांचंच आहे. आधी फोन करून विचारा. पुस्तकांचंही तसंच: ठाण्याच्या किंवा मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे पोती घेऊन जाऊ नका, नावांची यादी पाठवा. दिवाळी अंकांचे गठ्ठे बहुतेक ठिकाणी सुटे घेत नाहीत, पण एखाद्या अंकाचा वर्षानुवर्षांचा सलग संच असेल तर विचारून बघावं. प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकल्याशिवाय देऊ नका.

फोटो आणि देवघर

फोटो सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या दिवशी. आईच्या हातात अल्बम दिला की बाकी काम थांबतं, थांबू द्या. तिच्या परवानगीने फोन शेजारी ठेवून तिचं बोलणं रेकॉर्ड करा. प्रत्येक ग्रुप फोटोत कोण कोण आहे ते विचारा, कारण हे सांगू शकणारी ती कदाचित एकटीच उरली आहे. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा, बॉलपेनने नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. शिवणाचा मजबूत दोरा फोटोच्या खालून करवतीसारखा सरकवला की तो सुटतो. निघालाच नाही तर अख्ख्या पानाचा फोटो घ्या. लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल तर ती फिरवून बघण्याच्या फंदात न पडता डिजिटल करून देणाऱ्या स्टुडिओत द्या. बुरशी आलेली टेप साध्या मशीनमध्ये तुटते.

देवघरात भेट म्हणून आलेल्या तसबिरींची गर्दी होते. कुलदैवतांचे टाक हलवायचे नाहीत, ते पुढे कुणाकडे जाणार हे आईवडीलच ठरवतील. तसबिरी पिंपळाखाली नेऊन ठेवणं मला पटत नाही, तिथे त्या पावसात कुजतात आणि काचा फुटून पायाला लागतात. काच आणि फ्रेम वेगळी काढा, ती पुन्हा वापरात येते. कागदी चित्र बादलीतल्या पाण्यात भिजवून, लगदा झाला की झाडाच्या मुळाशी घाला. छापील चित्रांच्या चकचकीत कागदाचा लगदा होत नाही, तो वेगळा ठेवून कोरड्या कचऱ्यात द्यावा. खंडित मूर्तीचं काय करायचं ते आई सांगेल, नाहीतर घरच्या गुरुजींना विचारा.

भावंडं, आणि नाजूक प्रसंग

द्यायच्या वस्तूंचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि तारीख द्या: हवं असेल तर दोन महिन्यांत घेऊन जा. ‘मला हवंय, पण सध्या तिथेच राहू दे’ हे उत्तर चालणार नाही. दागिने आणि वाटण्यांचा विषय या कामात मुळीच आणू नका.

आईची किंवा बाबांची स्मरणशक्ती कमी होत असेल तर पद्धत बदलावी लागते. एका वेळी दोनच वस्तू दाखवा आणि त्यांची खुर्ची, पलंग, चष्म्याची जागा, देवघर अजिबात हलवू नका. कचरासुद्धा सोडवत नसेल, दार उघडायला जागा उरली नसेल, तर आवरण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते दुखणं असू शकतं, त्यावर उपचार आहेत.

घर पुन्हा लावताना

रोजचं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणा. तांदळाचा जड डबा खाली न ठेवता ओट्याच्या पातळीला, मोठ्या पिंपाऐवजी दोन लहान डब्यांत. माळ्यावर वर्षातून एकदा लागणारंच ठेवा, गणपतीची आरास आणि दिवाळीचा कंदील, आणि ते उतरवायला कोण येणार ते आत्ताच ठरवा. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर काहीही नको. घसरणारी पायपुसणी काढून टाका आणि रात्रीचा लहान दिवा लावा. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला नावाचं लेबल लावा, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या मोडीत घाला.

शेवटी एक वही. ठळक अक्षरांत, कुठली फाइल कुठल्या खणात आणि कुठली वस्तू कुणाला दिली, तारखेसह. आई महिन्याभराने ‘माझी ती काशाची वाटी कुठेय गं?’ असं विचारणार. तेव्हा वही उघडून दाखवा, आणि ज्यांच्याकडे ती वाटी आहे त्यांना फोन लावून तिच्या हातात द्या.